सहलीची उलटी गोष्ट

सहल जाऊन आली की दुसऱ्या दिवशी फळ्यावर निबंधाचा विषय पडतो, ‘आमची सहल’. मग चाळीस वह्यांत एकच सहल उतरते. आम्ही पहाटे उठलो, मग गाडीत बसलो, मग गाणी म्हटली, मग डबे खाल्ले, मग घरी आलो, खूप मजा आली. ‘मग’ या शब्दाचा एवढा सुकाळ दुसरीकडे कुठे सापडायचा नाही. मजा कसली आली, ते मात्र वहीत नसतं. ते गाडीच्या मागच्या बाकावर राहून जातं.

या ‘मग’वर उतारा ठरेल असं एक चित्रपुस्तक आहे. अमेरिकेत १९८० साली निघालं. लेखिका ट्रिंका हेक्स नोबल, चित्रकार स्टीवन केलॉग. नावाचा अर्थ सांगायचा तर, ‘जिमीच्या अजगरानं धुणं खाल्लं तो दिवस’. पुस्तक इंग्रजीत आहे, पण त्यानं अडत नाही. बाईंनी किंवा गुरुजींनी चित्रं वर्गाकडे धरावीत आणि गोष्ट आपल्या मराठीत सांगावी.

शाळेची सहल शेतावर गेलेली असते. मुलगी घरी येते, आई विचारते, कशी झाली सहल? मुलगी म्हणते, तशी कंटाळवाणीच, गाय रडायला लागेपर्यंत. गाय का रडली? तिच्यावर गवताची गंजी पडली. गंजी का पडली? शेतकऱ्यानं ट्रॅक्टर घातला तिच्यात. का? तो डुकरांवर ओरडण्यात गुंतला होता. डुकरं शाळेच्या बसमध्ये शिरून मुलांचे डबे खात होती, कारण त्यांचा मका मुलांनी एकमेकांना फेकून मारला होता. मका का? तर अंडी संपली होती! असं मागे मागे जात आपण येतो जिमीपाशी. त्यानं आपला पाळीव अजगर शेतावरच्या प्राण्यांना भेटायला आणलेला असतो. मुलगी हे सगळं अगदी थंडपणे सांगते, आणि चित्रात मात्र धुमाकूळ चाललेला. शब्द कमी बोलतात आणि चित्र चुगली करतं, म्हणून वाचता न येणारं पोरही इथं मागं पडत नाही.

वर्गात हे पुस्तक एकदा सलग दाखवावं, मध्ये काही विचारू नये. हसू द्यावं. दुसऱ्यांदा पान उलटण्याआधी थांबावं आणि विचारावं, याच्या आधी काय झालं असेल? तिसऱ्या दिवशी एकेक घटना एकेका चिठ्ठीवर लिहून, न लिहिता येणाऱ्यांनी चित्र काढून, दोरीवर टांगावी. दोरी एका टोकाकडून वाचली तर प्रत्येक दोन चिठ्ठ्यांमध्ये ‘कारण’ येतं. दुसऱ्या टोकाकडून वाचली की तिथंच ‘म्हणून’ येतं. ‘मग’ला जागाच उरत नाही. व्याकरणाच्या पुस्तकात उभयान्वयी अव्यय म्हणून जे मुलांच्या गळी उतरत नाही, ते दोरीवर वाळत घातलेलं दिसतं. मी कविता लिहिणारा माणूस, मला या छोट्या शब्दांचं अप्रूप जास्त, हे खरं. पण कार्यकारणभाव नावाची भारदस्त गोष्ट पोराच्या हाती याच शब्दांनी लागते.

शहरी मुलाला शेत ही सहलीची जागा वाटते. निमोण्याच्या पोरांना गंजी, ट्रॅक्टर, कोंबडी यांचं काय नवल? उलट ती गुरुजींना सांगतील, गाय रडत नाही, हंबरते. सांगू द्यावं. या पुस्तकात ती तज्ज्ञ असतात.

आणि आपली सहल? शिरूर तालुक्यातच घोडनदीकाठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती निघाली. जळालेलं धान्य, पाण्याचा पाट, चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला माणसाचा सांगाडा. आता उत्खनन करणारा माणूस काय करतो? जिमीच्या गोष्टीतल्या आईसारखं शेवटाकडून विचारत जातो. आधीची घरं मोठी, चौकोनी; शेवटच्या काळातल्या झोपड्या लहान, गोल. का? लोक गरीब झाले असावेत. का? पीक घटलं. का? पाऊस कमी झाला असावा. अभ्यासकांनी मांडलेली ही साखळी आपल्या अवर्षणी भागातल्या पोराला समजावून द्यावी लागत नाही. टँकर त्यानं पाहिलेला असतो.

एक गोष्ट राहिली, आणि मला तीच जास्त बोचते. सहलीची वर्गणी न भरता आल्यानं काही मुलं घरी राहतात. दुसऱ्या दिवशी ‘आमची सहल’ या विषयावर त्यांनी काय लिहायचं? शेजाऱ्याची वही बघून खूप मजा आली, असं लिहितात. पुस्तकात नीट पाहा. आई सहलीला गेलेलीच नाही, पण तिच्या प्रश्नाशिवाय गोष्ट एक पाऊल सरकत नाही. तेव्हा निबंधाऐवजी जोड्या लावाव्यात, गेलेलं एक मूल, न गेलेलं एक मूल. न गेलेल्यानं विचारायचं, गेलेल्यानं फक्त तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, आणि दोरीवरच्या चिठ्ठ्या दोघांनी मिळून लिहायच्या. वर्गणी सगळ्यांची माफ झाली तर उत्तमच. इनामगावला जायला आपल्या तालुक्यातल्या शाळेला काही आरामबस लागत नाही.