पीयूसीच्या कागदावर काय वाचायचं?

पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात उभी जुनी व्हॅन, आत संगणक, बाहेर लोंबणारी नळी. महाराष्ट्रातल्या कितीतरी गाड्यांची पीयूसी अशाच ठिकाणी निघते. पोलिसाने अडवलं की दाखवायचा कागद, एवढीच तिची किंमत आपण धरतो. म्हणून केंद्र निवडताना ‘लवकर कुठे होईल?’ हा एकच प्रश्न विचारला जातो. खरं तर राज्याने २०२२ मध्ये ठरवलेल्या दरानुसार दुचाकीला ५०, पेट्रोल किंवा सीएनजी मोटारीला १२५ आणि डिझेल मोटारीला १५० रुपये पडतात. एवढ्या पैशांत इंजिनाची आतली अवस्था आकड्यांत सांगणारी तपासणी दुसरीकडे मिळत नाही. फक्त नळी खरोखर सायलेन्सरमध्ये गेली पाहिजे.

यंत्र काय मोजतं?

पेट्रोल किंवा सीएनजी गाडीच्या धुरातून यंत्र अवरक्त किरण सोडतं. कोणता वायू किती किरण शोषतो, त्यावरून कार्बन मोनॉक्साइड (सीओ) आणि न जळलेलं इंधन म्हणजे हायड्रोकार्बन (एचसी) किती आहेत ते कळतं. बीएस-४ (‘भारत स्टेज-४’ या उत्सर्जन मानकाच्या) पेट्रोल मोटारीला इंजिन आयडलिंगवर असताना सीओची मर्यादा ०.३ टक्के आणि एचसीची २०० पीपीएम. २००० नंतरच्या, पण बीएस-४ च्या आधीच्या फोर-स्ट्रोक दुचाकीला ३.५ टक्के आणि ४,५०० पीपीएम. बीएस-४ मोटारीला मिनिटाला साधारण २,५०० फेऱ्यांपर्यंत रेस देऊन दुसरं मोजमापही घेतात.

डिझेलची तऱ्हा वेगळी. तिथे अॅक्सिलरेटर झटक्याने पूर्ण दाबतात, सोडतात, पुन्हा दाबतात, आणि धूर किती प्रकाश अडवतो ते स्मोक मीटर मोजतो. बीएस-४ डिझेलला मर्यादा १.६२, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. या रेसचा इंजिनावर ताण येतो. टायमिंग बेल्ट बदलायची वेळ उलटली असेल, तर आधी तो बदलून घ्या आणि ऑइल तपासा, मगच गाडी केंद्रावर न्या.

प्रमाणपत्रावर मर्यादा आणि तुमच्या गाडीचा आकडा शेजारी शेजारी छापलेले असतात. रक्ततपासणीच्या रिपोर्टसारखे ते वाचायचे. सीओ चढला, तर इंजिनाला हवेच्या मानाने इंधन जास्त मिळतंय: एअर फिल्टर चोंदलाय, कार्ब्युरेटरची सेटिंग बिघडलीय किंवा ऑक्सिजन सेन्सर दमलाय. एचसी चढला, तर इंधन न जळताच बाहेर पडतंय: प्लग तपासा, इंजिन ऑइल तर जाळत नाही ना ते बघा. दोन्ही एकदम चढले, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरबद्दल मेकॅनिकला विचारा. डिझेलचा धूर वाढला, तर एअर फिल्टर आणि इंजेक्टर बघायला सांगा.

केंद्र कसं निवडाल?

दिल्लीतल्या वाहनप्रदूषणावरचा ‘कॅग’चा अहवाल २०२५ मध्ये तिथल्या विधानसभेत मांडला गेला. २०१५ ते २०२० या काळात १.०८ लाख गाड्यांना, आकडे मर्यादेबाहेर असूनही, प्रमाणपत्रं मिळाल्याचं त्यात नोंदवलंय. एकाच केंद्रात एकाच वेळी दोन गाड्या तपासल्याच्या नोंदीही सात हजारांवर निघाल्या. म्हणजे यंत्र असूनही तपासणी होतेच, असं नाही.

चांगलं केंद्र ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. आरटीओची मान्यता आणि दरपत्रक दर्शनी भागात लावलेलं असतं. इंजिन चालू असताना नळी फूटभर तरी आत जाते. ती नुसती टोकाशी टेकवली, तर बाहेरची हवा मिसळते आणि आकडे खोटेच कमी येतात. नंबर प्लेटचा फोटो गाडी तिथे उभी असताना काढला जातो. यंत्राचं कॅलिब्रेशन कधी झालं, या प्रश्नावर मालक चिडत नाही. डिझेल गाडी असेल, तर केंद्राकडे स्मोक मीटर आहे का ते आधीच विचारा. ‘गाडी आणू नका, नुसता फोटो पाठवा’ म्हणणाऱ्याकडे पन्नास रुपये देऊन तुम्हाला फक्त कागद मिळतो.

जाताना गाडी तापलेली हवी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम झाल्याशिवाय कामच करत नाही. घरासमोरच्या केंद्रावर थंड इंजिन घेऊन गेलात, तर निरोगी गाडीही नापास होऊ शकते. आधी पाच-सात किलोमीटर चालवा, आणि जमल्यास सर्व्हिसिंगनंतरच जा.

नापास झाली तर?

जून २०२१ पासून देशभर एकाच नमुन्याचं, क्यूआर कोड असलेलं प्रमाणपत्र मिळतं, आणि त्याची नोंद ‘वाहन’ प्रणालीत जाते. गाडी नापास झाली, तर कारणासह नकाराची पावती मिळते. ती मेकॅनिकला दाखवायची, दुरुस्ती करायची आणि पुन्हा तपासून घ्यायची. शेजारच्या केंद्रावर नशीब आजमावण्यात अर्थ नाही.

नव्या गाडीला पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही. नंतर बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना ती वर्षातून एकदा, त्याआधीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी काढावी लागते. विजेवरच्या गाड्यांना सूट आहे. नियम मोडल्यास कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पीयूसीशिवाय विम्याचं नूतनीकरण करू नये, ही सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये घातलेली अट मात्र जुलै २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने मागे घेतली.

पण ‘पास’ म्हणजे गाडीचा धूर निरुपद्रवी, असं समजू नका. नायट्रोजनची ऑक्साइडं आणि फुप्फुसात खोल जाणारे सूक्ष्म कण ही चाचणी मोजतच नाही. टायर आणि ब्रेकमधून उडणारी धूळ तर दूरच. शहराची हवा किती स्वच्छ, हे पीयूसी सांगू शकत नाही. तुमचं इंजिन कसं चाललंय, एवढं सांगते. म्हणून जुनी प्रमाणपत्रं फेकू नका. दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले आणि दर खेपेला एचसी वाढताना दिसला, तर गाडी ‘पास’ असतानाच गॅरेजला न्या. तेव्हा काम बहुधा प्लगवर किंवा फिल्टरवर भागतं. नापास होईपर्यंत थांबलात, तर कदाचित कन्व्हर्टर बदलायचे पैसे मोजावे लागतील.