जगात जर्मनी, भारतात परभणी, मधे वीस मीटर तार

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार आपण सगळ्यांनीच शाळेत वाक्यात उपयोग करून वहीत लिहिलेला आहे. त्यातलं पेडगाव भीमेकाठचं, श्रीगोंद्याकडचं, असं सहसा सांगतात. आपलं पेडगाव वेगळं. हे परभणी तालुक्यातलं, मनमाड–सिकंदराबाद रेल्वेमार्गावरचं. आता समजा, इथल्या एका स्लॅबवर हौशी रेडिओवाला, म्हणजे ‘हॅम’, बसला आहे. कानाला हेडफोन, पुढ्यात वही आणि पेन्सिल, आणि रात्री साडेदहा वाजता हा कुणाशी तरी अक्षरं आणि आकडे बोलतोय. त्याला वेड पांघरावं लागत नाही. त्याचं अस्सल आहे. त्या वेडाच्या या काही गमती.

घोषणा खरी करणारा माणूस

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे परभणीकर कुठंही, कुणालाही, कारण नसताना ऐकवतो. हॅम ते सिद्ध करून दाखवतो. त्याच्या संचातून निघालेली लहर वर जाते, दोन-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबर नावाच्या थरावर आपटून खाली येते, पुन्हा वर जाते. अशा दोन-तीन टप्प्यांत साडेसहा हजार किलोमीटरहून लांबची जर्मनी गाठली जाते. मधे ना टॉवर, ना केबल, ना रिचार्ज. आणि तो ज्या मेगाहर्ट्झमध्ये बोलतो, त्यातला हर्ट्झही जर्मनच. हाइनरिश हर्ट्झनं १८८० च्या दशकात कार्ल्सरूह इथं रेडिओलहरी प्रयोगानं दाखवून दिल्या.

विहिरीच्या आधी पृथ्वीच्या पलीकडं

पेडगावपासून पृथ्वीवरची सगळ्यांत लांबची जागा म्हणजे प्रशांत महासागरातलं उघडं पाणी. त्यातल्या त्यात जवळची नाव घेण्याजोगी जमीन म्हणजे ईस्टर बेट. त्या पाण्यापर्यंत साधारण वीस हजार किलोमीटर. रेडिओलहर हे अंतर सेकंदाच्या पंधराव्या भागात कापते. तेवढ्या वेळात तोंडानं मारलेली हाक जाते जेमतेम २३ मीटर. म्हणजे ओट्यावरचं बोलणं पन्नास मीटरवरच्या विहिरीपाशी पोचायच्या आत ते पृथ्वीच्या पलीकडं ऐकू आलेलं असतं.

‘कपडे वाळू घालायला का?’

अँटेना म्हटलं की लोकांना डोळ्यांपुढं टॉवर येतो. हॅमची पहिली अँटेना म्हणजे निव्वळ तार. हिशेब सोपा आहे: १४३ ला मेगाहर्ट्झनं भागा. ७.१ मेगाहर्ट्झसाठी उत्तर येतं वीस मीटर. दहा मीटर इकडं, दहा मीटर तिकडं, मधे पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि तिथून खाली संचापर्यंत उतरणारी केबल. तार कुठली? मोटार भरणाऱ्याच्या दुकानात मिळणारी तांब्याची वाइंडिंगची तार झकास चालते. एक टोक स्लॅबवरच्या पाइपाला, दुसरं नायलॉनच्या दोरीनं कडुनिंबाला.

इथं नवशिके फसतात. दोरी ताणून गाठ मारतात. वळवाच्या वाऱ्यात निंब डुलतो आणि तार तुटते. जुना गडी दोरी फांदीवरून घेऊन तिच्या टोकाला धोंडा टांगतो. झाड डुललं की धोंडा वर-खाली होतो, तार शाबूत. बाकी ‘ही तार कामून बांधली? कपडे वाळू घालायला का?’ हा प्रश्न गल्लीतून रोज येतो. उत्तर देऊन उपयोग नसतो.

लाईट गेली की सण

गावात लाईट गेली की सगळे वैतागतात. हॅमचा चेहरा खुलतो. कारण त्याच्या संचात सगळा गाव वाजत असतो. स्वस्तातला एलईडी बल्ब सतत गुणगुणतो. सौरपंपाचा कंट्रोलर झर्रर्र करतो. रानडुकरं हाकलायला कुंपणाला लावलेली झटका मशीन साधारण सेकंदाला एकदा ‘टक्’ करते. टक्… टक्… टक्. कुणाच्या शेतात मशीन चालू आहे हे सरावलेला कान अंदाजानं सांगू शकतो. फीडर बंद पडला की यातला बहुतेक कलकलाट एकदम थांबतो आणि मागं दबलेला कुठल्या तरी देशातला बारीक आवाज वर येतो. हॅमचा संच चालतो १२ व्होल्टच्या बॅटरीवर. तेव्हा अंधारात जगाशी बोलणारा गावात तो एकटाच.

दिवेलागणीचं गणित

दिवसा ऊन आयनांबराचा एक खालचा थर तयार करतं. तो ७ मेगाहर्ट्झच्या लहरी बऱ्याचशा गिळून टाकतो. त्यामुळे दुपारी पुणं, नागपूर, हैदराबाद एवढंच. सूर्य मावळला की हा थर विरतो आणि क्षितिज हळूहळू लांब सरकतं. सूर्याची स्वतःचीही अकरा वर्षांची भरती-ओहोटी असते. सूर्यावर डाग वाढले की २८ मेगाहर्ट्झसारख्या वरच्या पट्ट्यांवर चिमूटभर वॉटमध्ये अर्ध्या जगाशी बोलणं होतं. शेतकरी ढग बघतो, हॅम सूर्यावरचे डाग. दोघांचंही पीक आभाळाच्या हातात.

नळाच्या वायसरचा रेडिओ

संच महाग म्हणून छंद सोडायचा नाही. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी ‘बिटएक्स’ नावाचा संच तयार केला. कल्पना अशी की साध्या बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून तो घरी जोडता यावा. परदेशी कोअर मिळत नाहीत म्हणून त्याची कॉइल चक्क नळाच्या वायसरवर गुंडाळली. पुढं जगभरच्या हौशी मंडळींनी हा आराखडा घेऊन आपापले संच जोडले. निजामाच्या काळात टाकलेल्या ज्या रेल्वेनं पेडगाव हैदराबादला जोडलं, त्याच शहरातून हा वायसरवाला रेडिओ निघाला, हा योगायोग परभणीकरांनी खिशात ठेवावा.

असा पार जिथं राजकारण नाही

हॅमच्या गप्पांना नियम असतात. धंदा नाही: तुरीचा भाव विचारून सौदा करता येत नाही. गाणी लावता येत नाहीत. सांकेतिक भाषेत गुपचूप बोलता येत नाही, जे बोलायचं ते जगानं ऐकलं तरी चालेल असंच. राजकारण आणि धर्म हे विषय मंडळी टाळतात. उरतं काय? अँटेना, तब्येत आणि हवामान. ‘तुमच्याकडं पाऊस कसा आहे?’ या प्रश्नावर तर जगातला कुठलाही हॅम दहा मिनिटं काढतो. मराठवाड्याचा माणूस इथं लगेच रुळतो.

पापा, एको, डेल्टा…

खरखरीत नावं हरवतात म्हणून अक्षरागणिक ठरलेला शब्द उच्चारतात. इंग्रजी स्पेलिंगनं पेडगाव असं होतं: पापा, एको, डेल्टा, गोल्फ, अल्फा, ऑस्कर, नोव्हेंबर. गाव एवढंसं, नाव मात्र पलटणीच्या कवायतीसारखं. शिवाय हॅमच्या नकाशावर पृथ्वीचे चौकोन पाडलेले आहेत. पेडगावचा चौकोन ‘एमके-८९’. परभणी, हिंगोली आणि नांदेडही त्यातच. परळीला गेलात की ‘एमके-८८’. आणि वहीतली वेळ भारतीय नाही, जागतिक. पेडगावात पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा हॅमच्या वहीत शून्य वाजून शून्य मिनिटं झालेली असतात. कोंबडा आरवतो आणि तारीख बदलते. आपली जुनी पंचांगंही दिवस सूर्योदयापासून धरतात, तेव्हा यात नवल वाटायचं कारण नाही.

बारा वर्षांचा ‘म्हातारा’

हॅम समोरच्या पुरुषाला ‘ओएम’ म्हणतो, म्हणजे ‘ओल्ड मॅन’. समोरचा बारा वर्षांचा असला तरी तो ओल्ड मॅनच. बायकोला तारायंत्राच्या काळापासूनचं नाव ‘एक्सवायएल’, म्हणजे ‘एके काळची तरुणी’. हे घरात मोठ्यानं म्हणायचं नसतं. निरोपाला ‘७३’, म्हणजे शुभेच्छा. ‘८८’ म्हणजे प्रेम आणि मुके, तेव्हा आकडा जपून. आणि कुणी गेलं की ‘वारला’ म्हणत नाहीत. ‘सायलेंट की’ म्हणतात. तारेच्या मोर्स लिपीची त्याची कळ आता गप्प झाली.

तार गेली, कडकट्ट राहिली

जुलै २०१३ मध्ये देशातली तार सेवा बंद झाली. ‘तार आली’ म्हटल्यावर घरात रडारड सुरू व्हायचा काळ संपला. पण मोर्सचा ठेका हॅमनं सांभाळून ठेवला. कारण भावनिक नाही, व्यवहाराचं आहे. बोललेला आवाज जिथं खरखरीत बुडतो तिथं ‘डाह-डि-डाह-डि’ कान पकडतो. पाच वॉटमध्ये, म्हणजे घरातल्या छोट्या एलईडी बल्बाला लागते तेवढ्या विजेत, मोर्सवाले समुद्र ओलांडतात.

गेटवेशेजारचा क्लब आणि ४२.३४ मीटर

मुंबईत गेट वे ऑफ इंडियाजवळचा ‘रेडिओ क्लब’ आज लग्नांसाठी आणि जेवणावळींसाठी ओळखला जातो. नावातला रेडिओ मात्र खरा आहे. १९२३ मध्ये, म्हणजे आकाशवाणी जन्मायच्या कितीतरी आधी, मुंबईच्या रेडिओ क्लबनं हौसेनं प्रसारण केलं होतं.

दुसरी गोष्ट मुंबईचीच. दुसरं महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारनं हौशी रेडिओची लायसन्सं रद्द केली. तरी १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ हे गुप्त केंद्र चालवलं. जागा बदलत बदलत ते नोव्हेंबरपर्यंत बोलत राहिलं, मग पकडलं गेलं आणि उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या केंद्राची लहर होती ४२.३४ मीटर. हिशेब करा: सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. आजच्या हॅमच्या ४० मीटर पट्ट्यात बरोबर बसणारी. पेडगावच्या निंबाला बांधलेली ती वीस मीटरची तार या लहरीलाही चालली असती.

कोजागिरीचा वेगळा उपयोग

सगळे दुधात चंद्र बघतात. काही हॅम चंद्रावर लहर आपटून परत आणतात. जाऊन-येऊन साधारण पावणेआठ लाख किलोमीटर, वेळ अडीच सेकंद. आपलाच आवाज चंद्रावरून परत आलेला ऐकायचा. डिसेंबरात उल्का पडू लागल्या की त्यांच्या क्षणभराच्या शेपटीवरूनही संदेश परतवतात. इच्छा मागायला वेळच मिळत नाही.

मुंबईइतकंच लांब अंतराळ

पेडगावपासून सरळ रेषेत मुंबई सुमारे ४०० किलोमीटर. डोक्यावरून जाणारं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकही साधारण तेवढंच वर. त्यावरचा हॅम संच १४५.८०० मेगाहर्ट्झवर ऐकू येतो आणि एक फेरी दहाएक मिनिटं हाताशी असते. जुलै २०२५ मध्ये अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांनी तिथून याच हॅम रेडिओवर भारतातल्या विद्यार्थ्यांशी गप्पा मारल्या.

आपल्याकडच्या पोरांनी उपग्रहही केले. पुण्याच्या सीओईपीचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ ला उडाला. वजन जेमतेम एक किलो, काम हौशी रेडिओच्या पट्ट्यातून संदेश घेऊन पुढं देणं. त्याच वर्षी सप्टेंबरात आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ गेला, आयनांबरातले इलेक्ट्रॉन मोजायला. म्हणजे ज्या थरावर हॅमचा सगळा संसार, त्याचीच खानेसुमारी. त्याआधी मे २००५ मध्ये इस्रोनं खास हौशी मंडळींसाठी ४२.५ किलोचा ‘हॅमसॅट’ सोडला होता. तो २०१४ पर्यंत टिकला.

वेड कधी शहाणं होतं

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवून मराठवाडा झोपला होता. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. सुमारे दहा हजार माणसं गेली. तेव्हा खेड्यात मोबाईल नव्हताच. अशा वेळी आपापले संच आणि बॅटऱ्या घेऊन हॅम मंडळीही निरोप पोचवायच्या कामाला लागली.

अकरा वर्षांनी अंदमानात भारती प्रसाद यांची तुकडी निव्वळ हौसेखातर पोर्ट ब्लेअरहून जगाशी बोलत होती. कित्येक वर्षं हॅमसाठी बंद असलेल्या बेटावरून हाक मिळावी म्हणून जगभरचे हॅम रांगेत उभे होते. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, संपर्क तुटला आणि छंदाची ती खोली निरोपकेंद्र झाली. ज्या तारेला गल्ली हसते, तिचा उपयोग असा एकाच दिवशी कळतो. पण ती आधी बांधलेली लागते.

म्हणून परभणी, हिंगोली, नांदेडच्या पोरांनो, बाराव्या वर्षापासून या परीक्षेला बसता येतं. थोडं इलेक्ट्रॉनिक्स, थोडे नियम. पास झालात की केंद्र सरकारचं लायसन्स आणि जगात दुसऱ्या कुणाचंही नसेल असं ‘व्हीयू’पासून सुरू होणारं स्वतःचं नाव मिळतं. लायसन्स हातात येईपर्यंत बटण दाबून बोलायचं नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. आणि वळवाचं आभाळ भरून आलं की अँटेनाची केबल संचातून काढून बाहेर टाका. मराठवाड्याच्या विजा कुणाचा छंद बघत नाहीत. ७३.