उभ्या गाडीची थरथर

नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरून रातोरात वाशी गाठणाऱ्या पिकअपचा मालक गॅरेजात ज्या तक्रारी घेऊन येतो, त्यांत सर्वांत मोघम आणि म्हणूनच सर्वांत अधिक फसविणारी तक्रार कोणती असेल, तर ती ‘गाडी मिसिंग मारते’ ही होय. भरधाव रस्त्यावर त्याची काही कुरकुर नसते. परंतु टोलनाक्यावर गाडी उभी राहिली की स्टिअरिंग हातात थरथरू लागते, आरशातील प्रतिबिंब फाटते, गिअरचा दांडा डुलतो आणि इंजिन आता बंद पडणार अशी धास्ती वाटते. या एकाच लक्षणामागे, केवळ एक सैल क्लिप आवळण्यापासून तो थेट इंजिनाचे हेड उतरविण्यापर्यंत कोणताही इलाज दडलेला असू शकतो, आणि निदानाआधीच नवे नोझल बसविण्याची जी रीत अनेक ठिकाणी पडून गेली आहे, ती मला गाडीवर पोट भरणाऱ्या माणसावरील उघड अन्याय वाटते.

दोष उभ्या गाडीतच का प्रकट होतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांमागे एकदा पेटतो. म्हणजे मिनिटाला 800 फेऱ्यांच्या संथ चालीवर एकेका सिलिंडरचे 400 आणि चौघांचे मिळून 1600 स्फोट होतात. चौघांपैकी एकाने आपला वाटा उचलला नाही, तर चार भोयांच्या पालखीत एकाने खांदा काढून घ्यावा तसे इंजिन त्या बाजूला दर फेरीआड लचकते. फ्लायव्हीलमध्ये साठणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, 2400 फेऱ्यांवर ती 800 च्या नऊपट होते, आणि ही उणीव ते जड चाक सहज पोटात घालते. म्हणूनच जुन्या गाड्यांत पंपावरील स्क्रू पिळून संथ चाल थोडी वाढवली की थरथर नाहीशी झाल्याचा भास होतो. हा इलाज नव्हे. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन काढीत ऑइलमध्ये उतरत राहते आणि मालकाला त्याची खबरही नसते.

तपासाची सुरुवात सायलेन्सरच्या तोंडाशी करावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. तेथे बाहेर पडणारे ठोके कान देऊन ऐकले आणि ते एकसारखे असले, तर इंजिन बहुधा निर्दोष असून त्याचे फाउंडेशन, म्हणजे ज्या रबरी आधारांवर ते बसविलेले असते ते, फाटलेले किंवा दबलेले असतात. ठोका मधूनच चुकत असेल तरच इंधनाकडे वळावे. त्याच वेळी धुराचा रंगही पाहावा: काळा धूर हवा अपुरी पडत असल्याची, निळा धूर ऑइल जळत असल्याची आणि पांढरा धूर डिझेल न जळता बाहेर पडत असल्याची किंवा कूलंट आत झिरपत असल्याची साक्ष देतो.

इंधनाच्या मार्गात पाणी आणि हवा हे दोन जुने अपराधी. पाण्याचा बंदोबस्त फिल्टरखालचा ड्रेन उघडून होतो, आणि पावसाळ्यात तो वरचेवर उघडावा. हवेचा माग काढणे मात्र अधिक कठीण असते. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढले जात असेल, तर त्या नळीचा एखादा जोड सैल असूनही बाहेर थेंब दिसत नाही, उलट तेथून हवाच आत शिरते. त्या मार्गात वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडली असता डिझेलबरोबर धावणारे बुडबुडे डोळ्यांनी दिसतात, आणि मग जोड आवळून, वॉशर बदलून प्रकरण निकालात निघते.

बुडबुडे नसतील तर दोषी सिलिंडर नक्की करावा. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत अनुभवी मेकॅनिक नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट एकेक करून किंचित सैल करतो; नट सैल होताच आवाज खाली बसला तर तो सिलिंडर काम करीत होता, आणि आवाजात काहीच फरक पडला नाही तर चोर तोच. सर्व इंजेक्टरांना एकाच सामायिक नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल पुरविणाऱ्या कॉमन रेल इंजिनात मात्र हा प्रयोग कदापि करू नये. तेथे संथ चालीवरही रेलमध्ये शेकडो बारचा दाब असतो, आणि त्या दाबाने सुटलेली सुईसारखी धार कातडीतून आत शिरली, तर वर टाचणीएवढी दिसणारी जखम शस्त्रक्रियेवाचून बरी होत नाही. तेथे स्कॅनर लावून संगणक कोणत्या सिलिंडरला अधिक डिझेल देऊन सावरू पाहत आहे, हे वाचावे. शिवाय प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला एकेक छोटी बाटली जोडून इंजिन काही मिनिटे चालवावे. जी बाटली इतरांहून पुष्कळ लवकर भरते, तिचा इंजेक्टर आतून झिजलेला. पुष्कळ गाड्यांत नव्या इंजेक्टरवर कोरलेला संकेतांक संगणकात नोंदवावा लागतो. ती नोंद राहून गेली तर नवा भाग बसूनही थरथर कायम राहते, आणि मालकाचा मेकॅनिकवरील विश्वास मात्र उडतो. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने अर्धवट उघडा राहिला असेल, तर तोही याच सुमारास उतरवून साफ करावा.

इंधन निर्दोष ठरल्यावर उरतो तो कॉम्प्रेशनचा प्रश्न. डिझेल ठिणगीने नव्हे, तर दाबाने तापलेल्या हवेत पेटते. तो दाब कमी पडला की सिलिंडर, विशेषतः सकाळी थंड असताना, पेटत नाही आणि गाडी तापल्यावर तक्रार ओसरते. अशा वेळी हीटर प्लग तपासल्यावर, आणि इंजिनात टॅपेट हाताने बसविण्याची सोय असेल तर, प्रथम फिलर गेज घेऊन त्यांचे अंतर पाहावे. टॅपेट अधिक घट्ट असला तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि संथ चालीत हवेला निसटायला अवधी अधिक मिळत असल्यामुळे त्याचा परिणाम तेथेच सर्वाधिक जाणवतो. टॅपेट नीट बसवूनही कॉम्प्रेशन गेजवर एकाच सिलिंडरचा दाब कमी दिसला, तर मग व्हॉल्व्ह, गॅस्केट किंवा रिंगा यांचा विचार करावा आणि हेड उतरविण्याचा खर्च मालकाला, आधी झालेल्या प्रत्येक तपासणीचा निष्कर्ष समोर ठेवून, सांगावा.