मुक्काम काहुइता

कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचं हे गाव इतकं लहान, की पाठीवरची सॅक खोलीत टाकल्यावर वाहनाची गरजच उरत नाही. राजधानी सान होसेहून बसने साधारण चार तास.

गाव संपतं तिथेच राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. केली क्रीकच्या प्रवेशद्वाराशी ऐच्छिक देणगीची प्रथा आहे; हात आखडू नये. सुमारे ८ किलोमीटरची पायवाट जंगल आणि समुद्र यांच्यामधून जाते. वर हाउलर माकडांची डरकाळी, फांदीला लटकलेला स्लॉथ (शौचासाठी तो आठवड्यातून जेमतेम एकदा खाली उतरतो!) आणि नशीब असेल तर पिवळाधमक आयलॅश व्हायपर. देखणा पण विषारी, म्हणून झाडाला हात टेकण्याआधी बघावं. खरे उपद्रवी मात्र कॅपुचिन माकडं आणि रॅकून. डबा उघडा राहिला तर गेलाच.

सप्टेंबर-ऑक्टोबरात देशाच्या पॅसिफिक बाजूला धो धो पाऊस असतो, तेव्हा इथे बहुधा उघडीप. जेवायला लाल घेवडा घालून नारळाच्या दुधात शिजवलेला भात. कोकणी जिभेला परका वाटणार नाही. कॅलिप्सो गायक वॉल्टर फर्ग्युसन (१९१९–२०२३) याच गावात राहिले.