स्त्रीबीजांची शिल्लक आणि अहवालातील आकडा

घर भीमाकाठच्या वडगाव रासाईतील असो वा पुण्यातील, विवाहानंतर दोन-तीन वर्षांत पाळणा हलला नाही की वडीलधाऱ्यांची चिंता सुरू होते. अलीकडे अशा वेळी 'एएमएच' या रक्ततपासणीचे नाव पुढे येते. आकडा कमी आला की सुनेवर वंध्यत्वाचा शिक्का बसतो. म्हणूनच त्या आकड्याचा खरा अर्थ जाणून घेणे अगत्याचे आहे.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजांडकोशांत सुमारे १० ते २० लाख बीजे असतात. वयात येईपर्यंत ३ ते ५ लाख उरतात. या भांडवलात पुढे भर पडत नाही, घटच होत जाते. बीज धारण करणारी लहान पुटके 'अँटी-मुलेरियन हार्मोन' हे संप्रेरक स्रवतात. रक्तातील त्याच्या प्रमाणावरून उरलेल्या बीजांचा अंदाज बांधता येतो. ही तपासणी पाळीच्या कोणत्याही दिवशी होते. 'एफएसएच'साठी मात्र पाळीचा दुसरा वा तिसरा दिवस साधावा लागतो.

एएमएच शिल्लक सांगते, बीजांचा दर्जा सांगत नाही. दर्जा मुख्यतः वयावर अवलंबून असतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथे ३० ते ४४ वर्षांच्या, वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या ७५० स्त्रियांचा अभ्यास झाला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एएमएच कमी असल्यामुळे नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता घटलेली आढळली नाही. गर्भधारणेसाठी महिन्याला एक बीज पुरेसे असते.

हा आकडा खरा उपयोगी पडतो तो टेस्ट-ट्यूब बेबीच्या उपचारात. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी या तंत्राद्वारे बालिका जन्मली आणि महाराष्ट्रात नवे दालन उघडले. या उपचारात औषधांनी एकाच वेळी अनेक बीजे वाढवतात. किती मिळतील आणि औषधाची मात्रा किती ठेवावी, याचा अंदाज एएमएच देते.

अहवाल वाचताना एकक अवश्य पाहावे. प्रतिमिलीलिटर १ नॅनोग्राम म्हणजे प्रतिलिटर सुमारे ७ पिकोमोल; दोन प्रयोगशाळांची एकके निराळी असतील तर तुलना फसते. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे आकडा तात्पुरता खाली येतो, तर पीसीओएसमध्ये तो पुष्कळदा चढा असतो. म्हणजे मोठा आकडाही निर्दोषपणाचा दाखला नव्हे.

पस्तिशीच्या आत एक वर्ष आणि पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करूनही यश न आल्यास तज्ज्ञांकडे जावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्या वेळी पतीची वीर्यतपासणीही झालीच पाहिजे. ती सोपी व तुलनेने स्वस्त असूनही अनेक घरांत टाळली जाते. उपचारकेंद्र २०२१ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत आहे ना, हेही पाहावे. खात्याची एकच बाजू पाहून कोणताही व्यापारी ताळेबंद मांडत नाही. सुनेच्या बाबतीतही तोच न्याय लावावा.