पुठ्ठ्यावरचा माग

इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे अख्खं गाव मागाच्या आवाजावर जगू लागलं. इथल्या तिसरी-चौथीच्या मुलांना मी धाग्यांचं काम शिकवते. अनेकांच्या घरचं कुणी ना कुणी मागावर, सायझिंगमध्ये किंवा कांड्या भरायला जातं. तार, म्हणजे मागावरचा धागा, तुटली म्हणजे काय, हे या मुलांना समजावावं लागत नाही. पण स्वतःच्या हाताने वीतभर कापड विणलेलं मूल क्वचितच भेटतं.

माग पुठ्ठ्याचा. वरच्या-खालच्या कडांना सेंटीमीटरभर अंतराने खाचा पाडायच्या, त्यांतून सुती दोरा ओढून उभे धागे ताणायचे. हा ताणा. तो फार आवळला तर पुठ्ठा वाकतो, सैल राहिला तर विणताना धागे लोंबतात. बोटाने छेडल्यावर दोरा जरासा थरथरला की ताण बरोबर, ही खूण मुलं लगेच पकडतात. आडव्या धाग्यांसाठी, म्हणजे बाण्यासाठी, लोकर, वाया गेलेलं सूत आणि आईच्या जुन्या साडीच्या बोटभर रुंद पट्ट्या. सुई प्लास्टिकची, बोथट टोकाची.

पहिली ओळ सगळ्यांना जमते. एका धाग्यावरून, एकाखालून. खरं शिक्षण दुसऱ्या ओळीत आहे. परवा एका मुलीने दुसरी ओळही पहिलीसारखीच विणली. फणीने दाबायला गेली, तर दोन्ही दोरे एकाच फटीत जाऊन बसले. वीण धरेना. तिने माझ्याकडे पाहिलं. मी एवढंच विचारलं, "कडेच्या धाग्यावरून आलीस की खालून?" तिने कडेवर बोट ठेवलं, मागे मोजत गेली, ओळ उसवली. मग म्हणाली, "बाई, वरून आले तर आता खालून जायचं." त्यानंतर प्रत्येक ओळीआधी तिचं बोट आपोआप कडेच्या धाग्यावर जायचं. चूक कापडानेच दाखवली. लाल शाईची गरज पडली नाही.

थोडं विणून झालं की दुसरी अडचण येते. कापड मधेच कमरेत आवळलं जातं, कारण मुलं प्रत्येक ओळीचा दोरा ओढून घट्ट करतात. यावर उपाय सोपा आहे. दोरा सरळ न ओढता डोंगरासारखा कमानीत ठेवायचा आणि मग मधून कडांकडे फणीने बसवायचा. कमानीतला जास्तीचा दोरा उभ्या धाग्यांच्या वर-खाली वळायला पुरतो, म्हणून कडा आत येत नाहीत.

विणलेला तुकडा मग गोणपाटावर जातो. तागाची वीण मोठी असते, उभे-आडवे धागे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मुलं त्यातले काही धागे उपसून जाळी करतात, धावदोऱ्याने तुकडा टाचतात, बटणं, काटक्या, रंगवलेले कागद जोडतात. काय शिवायचं आणि काय चिकटवायचं, हा निर्णय त्यांचा. काटकी फेव्हिकॉलने नीट धरत नाही, दोऱ्याने बांधली की धरते, हेही त्यांना हात लावूनच कळतं.

1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवलं. पण आज अनेक शाळांत कार्यानुभवाच्या तासाला गणिताचा सराव उरकला जातो आणि प्रदर्शनातल्या वस्तू बरेचदा घरचे मोठे करून देतात. हे थांबायला हवं. सम-विषम, मोजणी, आकृतिबंध आणि धीर हे सगळं त्या पुठ्ठ्यावर आहेच.

शिक्षकांना आणि पालकांना माझं एकच सांगणं आहे. मुलाच्या हातातली सुई काढून घेऊ नका. ओळ चुकली तर उसवू द्या, कड वाकडी झाली तर तशीच भिंतीवर लावा. आणि घरातली जुनी साडी टाकून देण्याआधी शाळेत नेऊन द्या.