जमिनीची रचना शिकायची तर किती टन ऊस लागतो?



बारावीचा निकाल लागला की गट ऑफिसात येणाऱ्या सभासदांच्या तोंडी ऊसनोंदीबरोबर आणखी एक विषय असतो : पोराला घालायचं कुठं? डॉक्टर, इंजिनिअर, नाही तर शेतकी कॉलेज, या तीन दारांपुढे आपली चौकशी सहसा जात नाही. परंतु आपल्या कार्यक्षेत्रातून नुकतीच एक वेगळी विचारणा आली. मुलीला लँडस्केप आर्किटेक्चर शिकायचे आहे. ते काय असते आणि खर्च किती येतो? शेजारी बसलेल्या एका जुन्या सभासदांनी लगेच विचारले, "माळीकाम शिकायला सात वर्षं?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हिशोबासह द्यावे, म्हणून हा लेख.

हे माळीकाम नव्हे

इमारत कशी बांधावी हे आर्किटेक्ट ठरवतो. इमारतीबाहेरची जमीन कशी ठेवावी, उतार कुठे द्यावा, पावसाचे पाणी कुठून न्यावे, कुठे जिरवावे, कोणते झाड कुठे लावावे, माणसाने चालावे कुठून, हे ठरवणारा तो लँडस्केप आर्किटेक्ट. आपण त्याला भूरचनाकार म्हणू. अमेरिकेत न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क ज्यांच्या १८५८ च्या आराखड्यातून उभे राहिले, त्यांपैकी फ्रेडरिक ओल्मस्टेड हे त्याआधी काही वर्षे चक्क शेती करीत होते. पुढे १९०० साली हार्वर्ड विद्यापीठात या विषयाचा अभ्यासक्रम सुरू झाला. आपल्या देशात दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये १९७२ पासून हा विषय शिकवला जातो. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याशेजारची सुंदर नर्सरी २०१८ साली लोकांना खुली झाली, तिची रचना मोहम्मद शाहीर या भूरचनाकारांची.

दिल्ली-न्यूयॉर्कचे राहू द्या, आपल्या जिल्ह्यात या. जालना तालुक्यातील कडवंची गावात १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन योजनेतून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने पाणलोटाचे काम केले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत उतार मोजून चर, बांध, नालाबंडिंग झाले. पुढे शेततळी आली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. २०१२ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा जळत होत्या, तेव्हा लोक कडवंची पाहायला जात होते. निजामकाळात बांधलेल्या घाणेवाडी तलावाचे पाणी उताराच्या बळावर जालना शहराला मिळत आले. हे सारे जमिनीचा उतार वाचता येण्याचे फळ. उलट बाजूही आपण पाहतोच. कालव्याचे पाणी आले, पण निचऱ्याची वाट कुणी आखली नाही, तिथे चांगल्या काळ्या जमिनी चिबड झाल्या. पाणी आणणे हे अर्धे काम. ते बाहेर कसे जाईल हे आधी कागदावर उतरवणे हे दुसरे अर्धे. भूरचनाकार जे शिकतो त्याचा गाभा हाच आहे. म्हणून उसाला पाणी धरणाऱ्या घरातल्या मुलीला हा विषय परका वाटू नये.

वाट कशी आहे

आपल्याकडे रुळलेली वाट अशी : आधी आर्किटेक्चरची पाच वर्षांची पदवी, मग लँडस्केपची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. एकूण सात वर्षे. पदवीला जायचे तर बारावीला गणित आणि पदार्थविज्ञान हवेच. अकरावीला "गणित अवघड जातंय" म्हणून सोडले की हे दार तिथेच बंद झाले. गणित विषय घेऊन तीन वर्षांचा डिप्लोमा केलेल्यांनाही प्रवेश आहे. शिवाय 'नाटा' किंवा जेईईचा दुसरा पेपर द्यावा लागतो. पदव्युत्तर शिक्षणासाठी दिल्ली आणि भोपाळच्या केंद्र सरकारच्या संस्था आहेत. पुण्यात कर्वेनगरला महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचे भानुबेन नानावटी महाविद्यालय आहे.

टनांचा हिशोब

आता मुद्द्याचे बोलू. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्यासाठी टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. सोयीसाठी हातात टनाला अडीच हजार पडले असे धरू. म्हणजे एक लाख रुपये म्हणजे ४० टन ऊस. एकरी ४० टनांचा उतारा असणाऱ्याचा तो एक एकर झाला, आणि त्यात बेणे, खत, पाणी, मजुरी अजून धरलेली नाही.

खाजगी आर्किटेक्चर कॉलेजांची फी बऱ्याच ठिकाणी लाखाच्या पुढे आहे. प्रत्येक कॉलेजची फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करते. तो आकडा पाहूनच पुढचे पाऊल टाकावे, कुणा एजंटच्या तोंडी आकड्यावर जाऊ नये. उदाहरणासाठी शिक्षण शुल्क दीड लाख धरू. राहणे-जेवणे महिना दहा हजार, वर्षाचे दहा महिने, म्हणजे एक लाख. एकूण अडीच लाख. वर्षाला १०० टन, पाच वर्षांत ५०० टन! शिवाय कागद, प्रिंटा, मॉडेलचे सामान, अभ्याससहली आणि लॅपटॉप. हा किरकोळ दिसणारा खर्च या शिक्षणात किरकोळ नसतो.

आकडा ऐकून कुणीही मागे सरेल. पण पूर्ण हिशोब करा. २०२४-२५ पासून राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. अट एकच मोठी : प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सवलत गेली. अशा मुलीचा वरचा हिशोब १०० टनांवरून ४० टनांवर येतो. मुलांसाठी राजर्षी शाहू योजनेतून निम्मे शिक्षण शुल्क मिळाले तर ७० टन. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्तीच्या योजना स्वतंत्र आहेत. अल्पभूधारकांच्या मुलांना पंजाबराव देशमुख योजनेतून वसतिगृहाचा निर्वाह भत्ता मिळू शकतो. यासाठी उत्पन्नाचा, अल्पभूधारकाचा आणि जातीचा दाखला प्रवेशाच्या आधीच काढून ठेवावा. ऐनवेळी तहसीलला रांग लावणारा मागे राहतो.

पुढच्या दोन वर्षांचे दडपण त्या मानाने कमी करता येते. 'गेट' परीक्षा पास झालेल्यांना केंद्रीय संस्थांत दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतनाची सोय आहे. महिन्याला पाच टन उसाचे पैसे, तेही मुलीच्या स्वतःच्या नावावर.

तरीही कमी पडले तर काय? जमीन विकू नका, हे आमचे स्पष्ट सांगणे आहे. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या पत हमी निधीचे संरक्षण मिळते, तेवढ्यासाठी सातबारा गहाण टाकण्याची वेळ येऊ नये. कर्जाचे हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात. विकलेला एकर मात्र परत येत नाही.

मिळकत काय?

इथे आम्ही कुणाला हवेत बांधलेले वाडे दाखवणार नाही. १९७२ च्या कायद्याने आर्किटेक्ट या पदवीला संरक्षण आहे, भूरचनाकारासाठी असा वेगळा कायदा देशात नाही. पहिली काही वर्षे पगार बेताचा असतो, आणि काम बहुतेक पुण्या-मुंबईकडे. नदीकाठ, रस्त्यांच्या कडा, संस्थांची आवारे, वसाहती ही कामे तिथे आहेत. जालन्यात राहूनच पोट भरेल असे आज सांगता येत नाही. ज्याला जमिनीजवळ राहायचे आहे आणि खर्चही बेताचा हवा, त्याने कृषी विद्यापीठाच्या उद्यानविद्येचाही विचार करावा. तिथेही फुलशेती आणि बागरचना शिकवतात. मात्र मुलीला चित्र काढायचा हात असेल, गणिताची भीती नसेल आणि सात वर्षे टिकायची तयारी असेल, तर तिला केवळ "नाव ऐकलं नाही" म्हणून अडवू नये.

शेवटी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. मुलीच्या लग्नात दोन दिवसांत किती टन ऊस जातो, याचा हिशोब आपल्या गावात कुणी मांडत नाही. शिक्षणाचा विषय निघाला की मात्र सगळे टन मोजायला बसतात. मोजावेच, हिशोब वाईट नाही. पण दोन्ही खर्च एकाच वजनकाट्यावर ठेवून मोजा. लागण करताना आपण बारा-चौदा महिने थांबतो, आडसालीला सोळा-अठरा महिने. त्यापेक्षा जास्त थांबावे लागणारे हे पीक आहे. पण त्याचा खोडवा आयुष्यभर चालतो.